टप्पा, तर आणि स्टेशन : उत्तर कोकणातील टपालाच्या इतिहासातील एक प्रकरण

इ. स. १८६० च्या फेब्रुवारी महिन्यात बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा पहिला पट्टा अंकलेश्वर ते उतराण ह्या दरम्यान वाहतुकीस खुला झाला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ३ एप्रिल रोजी, अमेरिकेतील मिसूरी प्रांतातील सेंट जोसेफ ह्या गावाहून एक स्वार टपालाची खोगीरझूल घेऊन पश्चिमेकडे निघाला. सुमारे एकोणीसशे मैलांवरील कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे ते टपाल दहा दिवसांत पोहोचले. पोनी एक्सप्रेस ह्या नावाने गाजलेली ही घोडडाक अठरा-एकोणीस महिनेच चालली. २४ ऑक्टोबर १८६१ रोजी दोन्ही किनाऱ्यांना जोडणारी तार पुरी झाली आणि दोनच दिवसांनी ती बंद झाल्याचे जाहीर करण्यात आले. आधीची दीडच रुपयांची वाटावी अशी ही कथा पुढे चित्रपटांनी व कादंबऱ्यांनी एवढी मोठी केली की, टपालाचा इतिहास म्हटला की वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम घोडाच उभा राहतो.

ह्या समजुतीचा एक परिणाम आपल्याकडील इतिहासलेखनावरही झाला आहे. जेथे घोड्याची डाक होती तेथे दळणवळण प्रगत, आणि जेथे माणूस पायी धावत होता तेथे ते मागासलेले, असे एक न बोललेले प्रमाण अनेक लेखकांच्या मनात असते. मराठ्यांसारख्या घोडदळावर राज्य उभारणाऱ्या लोकांनी आपली पत्रे बहुतांशी पायी जासुदांच्या हाती का दिली, हा प्रश्न मग अडचणीचा ठरतो व तो टाळला जातो. पालघर, बोईसर व तारापूर ह्या उत्तर कोकणच्या पट्टीचा विचार केला असता हे प्रमाणच तपासून पाहावे लागते. ह्या तपासणीत कागदपत्रांइतकीच, किंबहुना काही ठिकाणी त्यांहून अधिक, मदत शब्दांची होते. कारण ज्या माणसांनी पत्रे वाहिली त्यांनी स्वतः जवळजवळ काहीच लिहून ठेवलेले नाही.

अमेरिकन व्यवस्थेचे स्वरूप प्रथम नीट ध्यानात घेतले पाहिजे. पोनी एक्सप्रेसच्या आधी, १८५८ पासून, बटरफील्ड कंपनीच्या घोडागाड्या मिसिसिपीच्या खोऱ्यातून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत सुमारे अठ्ठावीसशे मैलांचा प्रवास पंचवीस दिवसांच्या मुदतीत करीत. गाडी रात्रंदिवस चाले. बदलत ते घोडे आणि हाकणारे. ह्या गाडीचे इंग्रजी नाव ‘स्टेजकोच’. त्यातील ‘स्टेज’ म्हणजे दोन ठाण्यांमधील अंतर. वेग हा घोड्याच्या पायात नसून ठाण्यांच्या साखळीत असतो, ही गोष्ट त्या नावातच सांगितलेली आहे. पोनी एक्सप्रेसचेही तेच. दर दहा-पंधरा मैलांवर ताजा घोडा तयार ठेवण्यासाठी सुमारे एकशे नव्वद ठाणी उभारावी लागली, आणि त्या खर्चापायी अर्ध्या औंसाच्या पत्रास प्रारंभी पाच डॉलर पडत. इतके देणे सामान्य माणसाच्या आवाक्यातील नव्हते. कंपनीचे मालक रसेल, मेजर्स व वॅडेल ह्यांचे तर दिवाळेच निघाले.

मराठीत ‘स्टेज’ला नेमका शब्द ‘टप्पा’ असा आहे. चेंडूची एक उसळी म्हणजे टप्पा; बंदुकीची गोळी पोहोचते ते अंतर म्हणजे टप्पा; आणि वाटेवरील एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंतची मजल म्हणजेही टप्पाच. एका दमात जेवढे साधते तेवढे, हा ह्या सर्व अर्थांचा गाभा होय. ‘टपाल’ हा शब्द ह्याच कुळातील असावा असे मानण्यास भरपूर जागा आहे. तथापि त्याच्या व्युत्पत्तीविषयी एकोणिसाव्या शतकातील विद्वानांत बराच घोळ झाला. तेलुगूचे कोशकार सी. पी. ब्राऊन ह्यांनी त्याचा संबंध फ्रेंचांच्या ‘एताप’ ह्या मुक्कामवाचक शब्दाशी जोडला. बीम्स ह्यांनी तो आर्यकुळातील ठरविला खरा, परंतु ‘ठप्पा मारण्याचे घर’ असा त्याचा विग्रह केला. पत्रावर ठसा उमटविण्याची पद्धत ही नंतरची. पत्र टप्प्याटप्प्याने नेण्याची पद्धत तिच्याहून कितीतरी जुनी. यास्तव बीम्स ह्यांची दिशा बरोबर असली तरी मुक्काम चुकला असे म्हणावे लागते. ब्राऊन ह्यांच्या मतास तर ध्वनिसाम्यापलीकडे फारसा आधार नाही. ‘टप्पा’ हा देशी भाषांत सर्वत्र रुजलेला शब्द समोर असताना फ्रेंचांच्या दारी जाण्याचे कारण उरत नाही.

ह्या शब्दाचा भूगोल पाहण्याजोगा आहे. उत्तरेकडे हिंदीत व बंगालीत ‘डाक’ चालतो. मराठी, गुजराती, तेलुगू, कन्नड व तमिळ ह्या पट्ट्यात ‘टपाल’ किंवा त्याची रूपे आढळतात. तेलुगूत त्याची एक गंमत झाली. त्या भाषेत ‘लु’ हा अनेकवचनाचा प्रत्यय असल्याने ‘टपालु’ हे अनेकवचन समजले गेले आणि त्यापासून ‘टपा’ असे एकवचन घडले. परका शब्द घरात घेताना भाषा त्याच्या अंगावर आपलेच कपडे चढविते, त्याचे हे उत्तम उदाहरण होय. मराठीत मात्र ‘डाक’ व ‘टपाल’ दोन्ही नांदले. पेशवाईच्या भाषेत डाक ‘बसवीत’, म्हणजे मार्गावर ठिकठिकाणी माणसे वा जनावरे नेमून ठेवीत. येथे युरोपीय ‘पोस्ट’ शब्दाची आठवण होते. त्याचे मूळ लॅटिनमध्ये ‘ठेवलेले, बसविलेले’ अशा अर्थाचे आहे. दोन भाषांनी एकमेकींस न विचारता एकाच वस्तूकडे एकाच बाजूने पाहिले.

आता वाहकांची नावे. ‘जासूद’, ‘हरकारा’ (किंवा हलकारा) आणि ‘कासीद’ ही तिन्ही नावे फारसीच्या द्वारे आलेली आहेत. ‘कासीद’ हा अरबी शब्द निरोप्या ह्याच अर्थाचा. ‘हरकारा’ म्हणजे हरएक काम करणारा. ‘जासूद’चे मूळ अरबी ‘जासूस’, आणि त्याचा अर्थ हेर. अंत्य ‘स’चा ‘द’ कसा झाला, हा प्रश्न भाषाशास्त्रज्ञाला मोह घालणारा आहे. नित्य जोडीने येणाऱ्या ‘कासीद’ शब्दाच्या संसर्गाने तो झाला असणे शक्य आहे. त्याहून महत्त्वाचा आहे तो अर्थातील बदल. हेराचा निरोप्या झाला, म्हणजेच बातमी काढणारा आणि बातमी पोहोचविणारा हे दोन निराळे इसम आहेत असे त्या राज्यव्यवस्थेला वाटत नव्हते. जासुदाने लखोटा द्यावयाचा, आणि वाटेत काय पाहिले ते तोंडी सांगावयाचे. पुष्कळ पत्रांत मुख्य मजकूर जासुदाच्या जबानीवर सोपविलेला आढळतो तो त्यामुळेच. जासूद बहुधा जोडीने पाठवीत. एकास वाटेत काही झाले तर दुसरा पोहोचावा, आणि दोघांनी एकमेकांवर नजरही ठेवावी. ‘जोडी रवाना केली’ एवढेच लिहिलेले असले तरी वाचणाऱ्यास अर्थ कळे. त्यांच्या मजुरीस ‘अजुरा’ म्हणत.

माणूस घोड्यापेक्षा जलद, हे विधान आज चमत्कारिक वाटेल. परंतु इ. स. १३३३ मध्ये हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूताने ते स्वच्छ शब्दांत केलेले आहे. त्याने दोन प्रकारच्या डाका वर्णिल्या आहेत. घोड्यांची डाक दर चार मैलांवर. पायी डाक मात्र मैलाच्या दर तिसऱ्या हिश्शावर. पायी डाकेचा धावपटू एका हाती पत्र व दुसऱ्या हाती तांब्याच्या घुंगरांची काठी घेऊन जिवाच्या कराराने धावतो. घुंगरांचा आवाज ऐकताच पुढच्या चौकीवरचा माणूस कंबर कसून तयार राहतो. ही पायी डाक घोड्यांच्या डाकेहून वेगवान आहे, असा त्याचा स्पष्ट अभिप्राय. तो तिला ‘दावा’ म्हणतो. आपल्या ‘धाव’ शब्दाचेच ते रूप असावे असे जाणकारांनी सुचविले आहे. सिंधहून दिल्लीपर्यंत पन्नास दिवसांची वाट असताना पत्र पाच दिवसांत पोहोचे, असेही तो सांगतो. मुसाफिराच्या आकड्यांत थोडी सढळ मोजणी धरली तरी मूळ मुद्दा ढळत नाही. टप्पा जितका लहान तितका वेग अधिक. आणि लहान टप्पा माणसालाच परवडतो. दर अर्ध्या कोसावर घोडा बांधून ठेवून त्याला दाणावैरण घालणे कोणत्याही राज्याला शक्य नव्हते. माणूस आपल्या गावी, आपल्या घरी राही व पाळी आली की धावे.

ही सामान्य गोष्ट झाली. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर तिला आणखी एक कारण येऊन मिळते, ते म्हणजे पाणी. मुंबईहून उत्तरेस निघालेल्या वाटसरूपुढे पहिली आडवी येते ती माहीमची खाडी. तिच्यावरील बंधाऱ्याचा रस्ता १८४५ मध्ये झाला. साष्टी बेट ओलांडून घोडबंदरला आले की वसईची खाडी. पुढे आगाशी सोडल्यावर वैतरणेचे रुंद मुख. ते उतरून केळवे, माहीम, शिरगाव; मग सातपाटी व मुरबे ह्यांमधील खाडी; मग नांदगाव, तारापूर; तारापूर आणि चिंचणी ह्यांमध्ये पुन्हा खाडी; आणि त्यापुढे डहाणूची. किनाऱ्याची ही वाट म्हणजे जमिनीच्या तुकड्यांची व पाण्याच्या पट्ट्यांची एक माळ आहे. घोड्याला येथे दर काही कोसांवर होडीत चढवावे लागणार. भरती-ओहोटीची वाट पाहावी लागणार. ओहोटीत खाजणाच्या चिखलात त्याचे पाय रुतणार. आषाढ-श्रावणात भातखाचरांतून बांधाबांधाने जाताना अनवाणी माणूस निभावतो. घोड्याचा तेथे पाय लागत नाही. लखोटा घेतलेला एकटा माणूस कोणत्याही कोळ्याच्या होडीत बसून पार होऊ शकतो. यास्तव ह्या पट्टीत टप्प्याइतकाच ‘तर’ हा शब्द महत्त्वाचा ठरतो. तरीवर जेवढा खोळंबा तेवढा पत्राला विलंब.

तरीचे हे महत्त्व किती जुने आहे ह्याचा एक विलक्षण पुरावा ह्याच भागात सापडला. १९५५ मध्ये तारापूरला लागून असलेल्या चिंचणी येथे काही ताम्रपट उजेडात आले. त्यांतील राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र ह्याच्या काळचा पट शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. संजाण मंडलाचा कारभार त्या वेळी मधुमती ह्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. ‘मधुमती’ हे ‘महंमद’चे संस्कृत कपडे घातलेले रूप असल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे. त्याच्या सत्कृत्यांत दोन प्रवाहांवर विनामूल्य तर चालू केल्याचा आणि वाटसरूंसाठी भात, कालवण व तूप मिळणारे सत्र घातल्याचा उल्लेख आहे. राष्ट्रकूटांच्या राज्यातील परधर्मीय अधिकारी आपली कीर्ती ताम्रपटात कोरविताना फुकटच्या तरीची गणना करतो, ह्यावरून त्या किनाऱ्यावर दळणवळणाची खरी अडचण कोठे होती ते कळते. घोड्यांच्या पागा किंवा ठाणी ह्यांचे नाव नाही. आहे ती होडी आणि जेवण.

ह्याच किनाऱ्याने भाषेला आणखी एक शब्द दिला. सतराव्या शतकातील इंग्रजी लिखाणात ‘पट्टमार’ असा शब्द वारंवार येतो. डॉक्टर फ्रायर ह्याने तर ‘पायी टपाल’ असा त्याचा अर्थच देऊन ठेवला आहे. मुंबई-सुरतेच्या वखारवाल्यांची पत्रे खुष्कीने नेणारा तो पट्टमार. पुढे हाच शब्द किनाऱ्यावरच्या वेगवान गलबताला लागू झाला, आणि आज ‘पत्तेमारी’ म्हटले की गलबतच डोळ्यांपुढे येते. मोल्सवर्थच्या कोशात ‘पतेमारी’ व ‘फतेमारी’ अशी दोन्ही रूपे असून पहिल्याचा अर्थ ‘वार्ता आणणारी’ असा फोडलेला आहे. मलबारकडील भाषांतून दुसरी व्युत्पत्ती सुचविणारेही आहेत. व्युत्पत्ती काहीही असो, माणसाचे नाव जहाजाला जाण्याइतकी दोघांची कामे एकमेकांत मिसळलेली होती हे त्यातून निर्विवाद दिसते. चौमासा सोडला तर पत्र कधी वाळूवरून धावे, कधी शिडावर. ‘फतेमारी’ हे रूप लोकांनी ‘फत्ते’ शब्दाच्या ओढीने केले असावे. वार्ता आणणारे गलबत त्यांना विजय आणणारे वाटले असल्यास नवल नाही.

पत्रावर राज्याचे भवितव्य कसे लोंबकळत असते ते ह्या पट्टीने १७३९ च्या प्रारंभी पाहिले. चिमाजी आप्पाच्या फौजा त्या जानेवारीत माहीम, केळवे, शिरगाव आणि तारापूर ही पोर्तुगीजांची ठाणी एकामागून एक घेत होत्या. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडला. नेमक्या ह्याच वेळी नादिरशहा पंजाबातून दिल्लीकडे सरकत होता. फेब्रुवारीत कर्नाळच्या मैदानावर त्याने मोगलांचा पराभव केला. बाजीराव उत्तरेच्या वाटेवर होता. मराठ्यांची मोठी फौज मात्र वसईत अडकलेली. दिल्लीची बातमी वकिलांकडून बाजीरावाकडे, बाजीरावाची पत्रे घाट उतरून कोकणात, आणि कोकणची उत्तरे परत वर, अशी ही तिहेरी वाट होती. वसई हाती आल्याखेरीज भावाची फौज मोकळी होणार नव्हती, आणि ती मोकळी केव्हा होईल हे कळण्यास जासुदाच्या पायांवाचून साधन नव्हते. मे महिन्यात वसई पडली. त्या मोहिमेची पत्रे पेशवे दप्तरातून छापली गेली असल्याने सरदारांचे मनोव्यापार आज दिवसादिवसाने वाचता येतात. ती पत्रे काखोटीस मारून घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्यांपैकी मात्र बहुतेकांची नावेही कोणी विचारली नाहीत.

सरकारी जासुदांखेरीज सावकारांचीही डाक असे, आणि ती पुष्कळदा सरकारच्या पुढे धावे. पानिपतचा संहार १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. नानासाहेब पेशव्यास त्याची वार्ता दहाव्या दिवशी, २४ जानेवारीस, माळव्यात भेलशाजवळ कळली, ती एका सावकारी कासिदाच्या पत्रावरून. मोती, मोहरा आणि खुर्दा ह्यांच्या सांकेतिक भाषेतील ते पत्र मराठी वाचकास परिचित आहे. पेशव्यासाठी ते लिहिलेले नव्हते. कासीद वाटेत सापडला म्हणून ते त्याच्या हाती आले. हुंडीच्या धंद्याला वार्ता हीच भांडवलाच्या जागी असल्याने सावकाराने आपल्या कासिदाला चांगला अजुरा द्यावा हे स्वाभाविक होते.

इंग्रजी अंमलाने ह्या रचनेत प्रथम बदल केला तो वाहकांत नव्हे, हक्कांत. मुंबईस जनरल पोस्ट ऑफिस १७९४ मध्ये झाले. १८१७–१८ मध्ये उत्तर कोकण कंपनीच्या ताब्यात गेले. आणि १८३७ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात मोबदला घेऊन पत्रे नेण्याचा एकमेव अधिकार सरकारकडे आला. सावकारी डाक त्यामुळे बेकायदेशीर ठरली. जो कासीद पिढ्यान्‌पिढ्या एका पेढीचा विश्वासू होता तो आता सरकारी हलकारा तरी व्हावा, नाही तर गुन्हेगार तरी. पत्राचा आकार अंतरावर असे. कलकत्त्याहून मुंबईस एका तोळ्यास एक रुपया पडे. १८५४ च्या कायद्याने अंतराचा हिशेब संपवून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास सर्वत्र अर्धा आणा असा एकच दर ठेवला. पोनी एक्सप्रेसच्या पाच डॉलरांशेजारी हा अर्धा आणा ठेवून पाहावा. तो इतका स्वस्त होऊ शकला ह्याचे एक कारण सरकारची दृष्टी हे खरेच. परंतु दुसरे कारण असे की, तो दर धावणाऱ्या माणसाच्या तुटपुंज्या वेतनावर उभा होता. स्वस्त टपालाची ही बाजू टपालखात्याच्या गौरवग्रंथांत सहसा येत नाही.

चाकाच्या वाहनांनी टपाल नेण्याचे युग ह्या प्रदेशात जवळजवळ आलेच नाही. बोरघाटाचा गाडीरस्ता सर जॉन माल्कम ह्यांनी १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला केला, आणि देशावर पक्के रस्ते जसे वाढले तसे टपाल टांग्यांतून जाऊ लागले. मुंबई शहरात ‘शिग्राम’ नावाची घोडागाडी होती. तिचे नाव ‘शीघ्र’पासून आले असे कोशकार सांगतात, आणि तिच्या वेगाविषयी त्या काळच्या शहरवासीयांच्या काय कल्पना होत्या ते त्यावरून उमजते. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर मात्र छकडा, दमणी आणि डोली ह्यांच्या पुढे मजल गेली नाही. ह्याचा अर्थ तेथील लोक दूरच्या व्यापाराला अनभिज्ञ होते असा नव्हे. तारापूरच्याच विकाजी मेहेरजी व पेस्तनजी मेहेरजी ह्या पारशी बंधूंच्या पेढीने १८२५–२६ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस घाटांवरून मुंबईस प्रथम उतरविला. पहिली खेप पाचशे बैलांच्या पाठीवर आली. पुढे ह्या पेढीने हैदराबादेस निजामाची सावकारी केली आणि औरंगाबादेस तिच्या नावाचे ‘पेस्तनशाही’ रुपये पडले. तारापूरसारख्या खाडीकाठच्या गावातून असा व्यवहार चालविता येत होता, कारण बंदर हेच त्या गावाचे तोंड होते. जमिनीची बाजू ही त्याची पाठ.

हे तोंड रेल्वेने फिरविले. गुजरातेतून खाली येणारी बॉम्बे-बरोडा रेल्वे नोव्हेंबर १८६४ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोहोचली. म्हणजे अमेरिकेचे दोन किनारे लोहमार्गाने जोडले गेले त्याच्या साडेचार वर्षे आधी पालघर व बोईसर रुळांवर आले. वैतरणेवर पूल झाले. ज्या पाण्याने घोड्याला अडविले होते त्यावरून आता गाडी धडधडत जाऊ लागली. परंतु अभियंत्यांनी रूळ टाकले ते किनाऱ्याने नव्हे. खाड्यांची मुखे टाळण्यासाठी मार्ग आत, पूर्वेस नेला गेला, आणि जुनी भरभराटीची गावे सर्वच्या सर्व पश्चिमेस समुद्राकाठी राहिली. स्थानकांची नावे ह्या घटनेची साक्ष देतात. वसई रोड, केळवे रोड, डहाणू रोड! ह्या नावांतील ‘रोड’ म्हणजे गाव येथे नाही, येथून गावाला जाणारा रस्ता फुटतो. स्थानकाच्या पाटीवर लिहिलेली ती एक कबुलीच होय. बोईसरचे तसे झाले नाही. त्याने आपले स्वतःचेच नाव राखले, जरी तेथे उतरणाऱ्या पुष्कळांना तीन-साडेतीन कोसांवरील तारापूर वा चिंचणी गाठावयाची असे.

टपालाच्या दृष्टीने ह्याचा परिणाम असा झाला की, जी वाट उत्तर-दक्षिण होती ती पूर्व-पश्चिम झाली. सुरतेहून मुंबईस धावणारा जासूद आता निरुपयोगी ठरला; परंतु पायी डाक बंद पडली नाही. गाडीतून उतरलेली थैली स्थानकापासून समुद्राकडे माहीमला, सातपाटीला, तारापूरला आणि डोंगराकडे मनोर-जव्हारच्या रानांत माणसाच्याच खांद्यावरून जाऊ लागली. त्याला टपालखात्याने ‘रनर’ असे इंग्रजी नाव दिले. काठी आणि घुंगरू तेच राहिले. इब्न बतूताच्या काळी घुंगरू पुढच्या चौकीला जागे करी; रानवाटेवर त्याने जनावराला दूर सारावे अशीही अपेक्षा असे. नवी यंत्रे आली की जुने वाहक नाहीसे होतात, ह्या समजुतीला येथे आधार मिळत नाही. रेल्वेने धावणारा माणूस काढून टाकला नाही. तिने त्याचा टप्पा तोडून त्याला आपल्या स्थानकाला बांधले. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले व त्याच्या पुढच्या वर्षी मनिऑर्डर आली, तेव्हा ह्या माणसाच्या खांद्यावरचे ओझे कमी न होता वाढलेच. मुंबईच्या गिरण्यांत व घरकामांत गेलेल्यांचा पैसा पूर्वी ओळखीच्या माणसाबरोबर येई. आता तो थैलीतून येऊ लागला.

बंदरांचे महत्त्व हळूहळू उतरले. १८८२ मध्ये कँपबेलच्या ठाणे गॅझेटियरात ह्या भागाचा तालुका ‘माहीम’ ह्या नावाने नोंदलेला आहे; पुढे कचेरी स्थानकाजवळ आली आणि तालुका पालघर झाला. १४ ऑगस्ट १९४२ रोजी ज्या मोर्च्यावरील गोळीबारात पाच हुतात्मे पडले, तो किनाऱ्यावरील गावांतून निघून पालघरच्या कचेरीवर आलेला होता. म्हणजे सत्तेचे ठिकाण रुळांपाशी गेल्याचे तोवर सर्वांच्या अंगवळणी पडलेले होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्ह्याचे ठिकाण झाले. तारापूरच्या बाबतीत नावांचा व्यवहार उलटा झाला आहे. १९६९ मध्ये तेथील अणुवीज केंद्र सुरू झाले आणि ‘तारापूर’ हे नाव देशभर पोहोचले. बोईसरच्या अंगणात वाढलेली औद्योगिक वसाहतही तारापूरच्याच नावाने ओळखली जाते. स्टेशनाने गावाची वर्दळ घेतली, गावाने स्टेशनाला आपले नाव दिले.

१५ ऑगस्ट १९७२ पासून टपालखात्याने पिनकोड सुरू केले. त्यांत डहाणू गावाला ४०१६०१ आणि डहाणू रोडला त्याच्या पुढचा क्रमांक मिळाला; तेथे जुने बंदर पहिले राहिले. बोईसरला मात्र ४०१५०१ हा क्रमांक असून तारापूर ४०१५०२ आहे.